दूर राहण्याचा हक्क

छंदाला नीतीचे प्रश्न विचारण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. नोकरीत माणसाने सचोटीने वागावे, व्यवहारात चोख असावे, घरच्या कर्तव्यात चुकू नये, एवढी अपेक्षा आपण ठेवतो. छंद मात्र निरुपद्रवी मानून सोडून देतो. पक्ष्यांचे छायाचित्रण हा तर निरुपद्रवीपणाचा आदर्शच समजला जातो. बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलला की माणूस शिकारी राहिला नाही, असे आपण धरून चालतो. हे गृहीतक कितपत खरे आहे याचा विचार आम्ही पुष्कळ उशिरा केला. त्यामागे एक घटना आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढील विवेचनाला अर्थ नाही.

‘आम्ही’ म्हणजे राज्य सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले, वडोदऱ्यात स्थायिक असलेले दोन जुने सहकारी. शिकारी पक्ष्यांचे वेड दोघांनाही तरुणपणापासून. घार, शिक्रा, कापशी, भोवत्या, ससाणा ही नावे आम्ही फायलींवरील शेऱ्यांइतक्याच सहजतेने उच्चारीत असू. साधने मात्र नेहमीच साधी राहिली. फिल्मचा एक कॅमेरा, त्याचे 50 मिलिमीटरचे भिंग आणि दोघांनी वर्गणी काढून घेतलेले 200 मिलिमीटरचे दुसरे. छत्तीस चित्रांचे एक रीळ महिनाभर पुरवावे लागे.

1991 च्या हिवाळ्यात कालव्याच्या पाहणीसाठी डभोई तालुक्यात गेलो असता एका बाभळीवर आम्हाला कापशीचे घरटे दिसले. कापशी म्हणजे कावळ्याहून लहान अशी राखी-पांढरी घार. खांद्यावर काळा डाग, डोळे माणकासारखे लाल. हवेत एका जागी पंख फडफडवीत ती थांबते आणि खालच्या गवतातील उंदीर हेरते. मादी अंड्यांवर बसली होती. आम्ही प्रथम साठ पावलांवर थांबलो, मग तीस, मग दहा. अखेरीस जीप झाडाखाली नेली आणि तिच्या टपावर चढून चित्रे घेतली. जीप सरकारी होती, हेही नोंदवून ठेवतो. टपावर कोण चढले ते सांगणे गैरलागू आहे. निर्णय दोघांचा होता. मादी उडाली, ओरडू लागली, आमच्या डोक्यावर झेपा घेऊ लागली. त्या झेपाच आम्हाला हव्या होत्या. अर्ध्या तासात रिळातील उरलेली अकरा चित्रे संपली. तिचे सारे लक्ष आमच्यावर असल्यामुळे झाडावर उतरलेले दोन कावळे तिला उशिरा दिसले. जीप मागे घेईपर्यंत घरटे रिकामे झाले होते. अंडी तीन होती. टपावरून आम्हीच ती मोजली होती.

त्या अकरांपैकी एक चित्र अप्रतिम निघाले. पंख वर उचललेले, नखे पुढे आलेली, लाल डोळा थेट भिंगात रोखलेला. एका स्थानिक प्रदर्शनात त्याचे कौतुक झाले. मोठी प्रत काढून दोघांनीही ते आपापल्या दिवाणखान्यात लावले. “इतक्या जवळून कसे मिळाले?” असे पाहुणे विचारीत, आणि आम्ही उत्तर देत असू, “चिकाटी!”

दोष साध्या साधनांचा होता काय? गणित मांडून पाहण्यासारखे आहे. कापशीची लांबी साधारण एक तृतीयांश मीटर. तीस मीटर अंतरावरून 50 मिलिमीटरच्या भिंगाने तिचे चित्र घेतले, तर फिल्मवर तिची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर उमटते. छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या चौकटीचा एक तृतीयांश भाग तिने व्यापावा असे वाटत असेल, तर सुमारे दीड मीटरपर्यंत जावे लागेल. 200 मिलिमीटरच्या भिंगाने तेच अंतर साडेपाच मीटर होते. म्हणजे ज्याच्याजवळ लहान भिंग आहे, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. चित्रात पक्षी लहान दिसेल हे मान्य करावे, किंवा पक्ष्याचे अंतर आपण खाऊन टाकावे. आम्ही दुसरा मार्ग धरला, तो भिंगाने सांगितला म्हणून नव्हे. भिंगाने फक्त पर्याय स्पष्ट केला. निवड हावेने केली.

यावर कुणी म्हणेल की मोठे भिंग घ्यावे, प्रश्न मिटला. अनुभव तसा नाही. 600 मिलिमीटरचे भिंग बाळगणारे हौशी लोकही आम्ही पाहिले आहेत. सोळा मीटरवरून जे चित्र मिळते त्यावर त्यांचे समाधान होत नाही. त्यांना पिसाची कड न् कड हवी असते. भिंगाची लांबी वाढली की पक्ष्याच्या वाट्याचे अंतर वाढतेच असे नाही. पुष्कळदा केवळ अपेक्षा वाढते. परदेशात हिमघुबडांना कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी दुकानातून आणलेले उंदीर बर्फावर सोडण्याचे प्रकार झाले आणि त्यावर बराच वाद झाला. तेथे साधनांची वाण नव्हती.

कॅमेरा आणि बंदूक यांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1882 मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी एक यंत्र बनविले. ते हुबेहूब बंदुकीच्या आकाराचे होते. नेम धरून चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रे निघत. आजही आपली मुले चित्र ‘शूट’ करतात. आणि शब्दांच्याही पलीकडे कायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. आयुष्यभर नियमांची कलमे वाचलेल्या आम्हा दोघांना हे कलम निवृत्तीनंतर, वेगळ्याच कामासाठी चाळताना दिसले. 1991 मध्येही ते तेथेच होते. कायद्याच्या भाषेत त्या दिवशी आम्ही शिकार केली होती.

या विचारावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही आदराने ऐकण्यासारखे आहेत. पहिला आमच्या एका स्नेह्यांचा. ते म्हणाले, “अहो, जो पक्षी रोज उंदीर-सरड्यांचा जीव घेतो, त्याच्या तीन अंड्यांचे एवढे काय मनाला लावून घेता? कावळ्यांनी खाल्ली, निसर्गनियमानेच झाले.” या म्हणण्यात चूक एवढीच की कापशीची शिकार ही तिची भाकरी आहे. ती न मिळाली तर ती मरते. आमचे चित्र ही आमची भाकरी नव्हती. शिवाय कावळ्यांनी अंडी खाल्ली हा निसर्गनियम असला, तरी आईला अर्धा तास घरट्याबाहेर ठेवणारी जीप निसर्गनियमाने तेथे आलेली नव्हती. स्वतःच्या कृत्याचा शेवटचा टप्पा दुसऱ्याने पुरा केला म्हणून पहिल्या टप्प्याची जबाबदारी संपत नाही. सरकारी चौकशीतही हा बचाव टिकत नाही.

दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा. छायाचित्रांमुळे लोकांना पक्ष्यांविषयी आस्था वाटते, नोंदी होतात, अभ्यास होतो. हे खरे आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्यांचे निरनिराळे प्रकार, विशेषतः त्यांच्या माद्या, एका दृष्टिक्षेपात ओळखणे अवघड असते. तेथे चित्राचा आधार मोलाचा ठरतो. परंतु उपयुक्ततेचा हिशेब प्रामाणिक हवा. गिधाडांचे उदाहरण घ्या. 1990 नंतरच्या दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात हजारांत एखादे उरावे इतकी घटली. त्याचे कारण, म्हणजे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध, मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातून व औषधाच्या तपासणीतून 2004 मध्ये उघड झाले, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. अशा कामाला छायाचित्राची साथ मिळते, हे मान्य. पण आमचे चित्र कोणत्याही नोंदीत गेले नाही. ते भिंतीवर गेले. उपयोगाचा युक्तिवाद करण्यापूर्वी उपयोग झाला होता काय, हे पाहावे.

मग नेमके काय बिघडते? पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अहिंसेइतकेच अस्तेयही आहे. चोरी म्हटली की आपल्यापुढे वस्तू येते. रानातल्या पक्ष्याजवळ चोरण्यासारखी वस्तू कोणती? आमच्या मते ती वस्तू म्हणजे अंतर. घर, कुंपण, दाराची कडी यांतले त्याच्याजवळ काहीच नाही. आपल्यात आणि संकटात किती जागा असावी, हे तो ठरवितो आणि त्या जागेच्या आधारावर खातो, झोपतो, पिल्ले वाढवितो. आपण ती जागा ओलांडतो तेव्हा त्याच्या अंगाला हात लावलेला नसतो, तरीही त्याचे सर्वस्व आपण घेतलेले असू शकते. दूर राहणे हा त्याचा हक्क आहे. तो मागायला त्याच्याजवळ भाषा नाही, पण खुणा आहेत. पिसे साफ करीत बसलेला पक्षी थांबतो, मान ताठ करतो, आपल्याकडे टक लावून पाहतो, अंग पुढे झुकवितो; पुष्कळदा उडण्यापूर्वी विष्ठा टाकतो. या खुणांपैकी पहिली दिसली तेथेच थांबणे, हा नियम आम्ही अलीकडे पाळतो. घरट्याच्या वाटेला जात नाही.

आता आमच्याजवळ झूम असलेला एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे. हिवाळ्यात आम्ही वढवाणा तलावावर जातो. बडोदे संस्थानच्या काळात, 1910 च्या सुमारास सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 पासून रामसर यादीत आहे. सकाळी पाण्यावर शेकडो वारकरी पक्षी पसरलेले असतात. दलदली भोवत्या बांधाच्या बाजूने खालून उडत येतो आणि ते सारे काळे ठिपके एकमेकांना चिकटून एक गोधडी होतात. तो पुढे गेला की पुन्हा सैल होतात. आमच्या चित्रात भोवत्या तांदळाच्या दाण्याएवढा येतो. त्याचा डोळा दिसत नाही. पण त्याच्या येण्याने पाण्यावर काय घडले, ते सगळे दिसते. 1991 च्या त्या देखण्या चित्रात डोळा, नखे, पीस न् पीस आहे. बाभूळ नाही, घरटे नाही, कावळे नाहीत, जीप नाही. जवळ गेल्यामुळे जे खरे होते तेच चौकटीबाहेर राहिले.

त्या चित्राचे काय करावे, हा प्रश्न आहेच. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी आपापल्या प्रतीखाली एक ओळ लिहून लावली: ‘हे चित्र घेताना या पक्ष्याची तीन अंडी कावळ्यांनी नेली. कारण आम्ही.’ तेव्हापासून जवळून कसे मिळाले असे कुणी विचारीत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, चित्र भिंतीवरून काढून टाकावे. जे चोरीचे आहे त्याची शोभा कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, काढले तर विसरणे सोपे होईल. यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.