कायमचा पत्ता

परदेशी जाऊन आलेला माणूस आणि नुकताच आजोबा झालेला माणूस यांच्यासमोर मी सहसा बसत नाही. दोघांकडेही फोटो असतात. आमच्या शाखेतले एक सहकारी इंडोनेशियाला जाऊन आले, तेव्हा मधल्या सुट्टीत डबे बाजूला सारून त्यांनी आम्हांला बोरोबुदुरचा स्तूप दाखवला, प्रंबाननच्या भिंतींवरचे रामायण दाखवले आणि बालीच्या एका देवळापुढे उभे असलेले स्वतःही दाखवले. तिकडे नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात, ही माहिती दिली. (मी ती घरी सांगून पाहिली. काही फरक पडला नाही.) शेवटी त्यांनी पाकिटातून १९९८ सालची वीस हजार रुपियांची नोट काढली. तीवर चक्क गणपती! नोट कधीच चलनातून गेलेली, पण कारकुनाच्या हातात नोट आली की तो ती उजेडाकडे धरतोच. मीही धरली.

“बघा, आपला गणपती कुठवर पोचलाय!” ते म्हणाले.

मी म्हटले, “साहेब, तिकडूनही इकडे कुणी आलेले आहे. आपल्या ओझरच्या विघ्नहराच्याच नदीवर. बोरी बुद्रुकला.”

सुमात्रा बेटावर तोबा नावाचे सरोवर आहे. शंभर किलोमीटर लांब, तीस रुंद आणि मधोमध समोसिर बेट. म्हणजे बेटावर तळे आणि तळ्यात पुन्हा बेट. हे सारे ज्वालामुखीचे तोंड. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी त्याचा शेवटचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याची राख वाऱ्यावर बसून भारतभर आली. अशीच तोबाची राख जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी, बोरी बुद्रुकच्या गाळात थर करून बसली आहे. तीन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, आणि नाणेघाटाच्या वाटेने न आल्यामुळे तिथल्या रांजणात जकातही नाही.

१९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ही राख आणि तिच्यासोबतची आदिमानवाची दगडी हत्यारे उजेडात आणली. तेव्हापासून तिच्या वयाचा वाद चालू आहे. कुणी मोजून चौदा लाख वर्षे काढली, कुणी पावणेसात लाख, कुणी पंचाहत्तर हजार. तोबा एकदाच फुटला नव्हता, त्यामुळे ही कोणत्या वेळची राख हा खरा घोळ. आमच्याकडे संध्याकाळी दोन रुपयांचा फरक निघाला तर चार माणसे अडकून पडतात. इथे तेरा लाख वर्षांचा फरक, आणि मंडळी वेळेवर घरी जाऊन जेवतात! आम्ही असती तर ही राख सस्पेन्स खात्यात टाकली असती.

पण माझा घोळ वयाचा नाही. ही राख बोरीची म्हणायची की सुमात्राची? गावकरी ‘आमची राख’ म्हणतील, आणि मला ते पटते. पण ‘आमचा’ आणि ‘बाहेरचा’ हे ठरवायचे कशावर? आधी आला तो गावचा म्हणावे, तर हत्यारे घडवणारा तो आदिमानव मूळ खातेदार ठरतो, आणि त्याचे वारस कुठे शोधायचे? मूळ इथलेच ते आपले म्हणावे, तर नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो अमेरिकेचा. ज्याच्या शेतात इथला बिबट्या पिल्ले वाढवतो तो ऊस न्यू गिनी बेटाचा. खुद्द ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’वरून आलेला. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल, चिट आणि चंद नावाच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. त्यांना कुणी ‘रेशनकार्ड दाखवा’ म्हटल्याची नोंद नाही. पाण्याचे टाके खोदून दिले, नाव दगडात गेले.

सरकारचा हिशेब सोपा आहे: पंधरा वर्षे राहिलात की महाराष्ट्राचे रहिवासी. त्या मानाने राखेचे पुष्कळच झाले. पण पंधरा वर्षे राहणे वेगळे आणि ती कागदावर दाखवणे वेगळे.

त्या भागातल्या एका शाखेत मी असताना काउंटरवर एक बाई आल्या. मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर सालाने कामाला आलेल्या. एकोणीस वर्षे एकाच मळ्यात. पोरे इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली. मजुरीचे पैसे पिठाच्या डब्यात ठेवत, ते आता खात्यात ठेवायचे होते. कागद मात्र एकही नाही; होते ते जुन्या गावी पुरात गेलेले. रांगेतला एक बागायतदार म्हणाला, “बाहेरची माणसं आहेत, जरा बघून.” नियमांची मी चेष्टा करणार नाही, पत्ता न बघता खाती उघडली की पुढे काय होते ते मी पाहिले आहे. पण हे वाक्य ऐकून माझा हात थबकला. त्या गृहस्थाच्या कांद्याच्या पट्टीचे पैसे मीच मोजून देत असे. तो कांदा एकोणीस वर्षे कुणी काढला होता?

सुदैवाने रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘छोटे खाते’ आहे. कागदांवाचून, फोटो आणि अंगठ्यावर उघडता येते. शिल्लक पन्नास हजारांच्या आत ठेवायची आणि बारा महिन्यांत कागदांसाठी अर्ज केल्याचे दाखवायचे. मी फॉर्म भरायला घेतला. त्यात दोन रकाने होते: सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता.

“कायमचा कोणता लिहू?”

“तोच की,” बाई म्हणाल्या.

मी दोन्हीकडे मुक्काम पोस्ट बोरी बुद्रुक लिहिले. मॅनेजरांनी सही केली, आणि ‘कायमचा’समोर पेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह काढले. फाइल अजून असेल तर तेही असेल.