सुताचे माप आणि वाऱ्याची वाट

जळगावच्या आमच्या घरातील मधल्या खोलीत, जेथे पूर्वी वडिलांच्या खतावण्या आणि शेतसाऱ्याच्या पावत्या ठेवण्याचे फडताळ होते, तेथे आज एक लोखंडी चौकट उभी असून तीत पुतण्याने सर्व्हर, स्विच आणि वीज गेल्यास काही वेळ निभावून नेणारा यूपीएस असे एकावर एक बसविले आहेत. सातबाऱ्यांच्या आणि खरेदीखतांच्या नकला, आजोबांच्या मोडी पत्रांच्या प्रतिमा, तीन पिढ्यांच्या लग्नकार्यांची छायाचित्रे, हे सारे आता त्या चौकटीतील हार्ड डिस्कांवर असते. म्हणजे घराचे दप्तर जागेवरून हललेले नाही, त्याचा देह तेवढा पालटला आहे. परंतु रात्रंदिवस लुकलुकणारे दिवे, पंख्यांची अखंड घरघर आणि उघड्या तारांचे जंजाळ बैठकीतून दिसत असल्यामुळे घरातील मंडळींनी त्यावर लाकडी कपाट करावयाचे ठरविले, आणि त्या निमित्ताने झाकणे म्हणजे काय, हा प्रश्न मला कित्येक महिने सोडीना.

झाकण्याची इच्छा क्षुद्र आहे असे मी मानीत नाही. ज्या वस्तूंवर घर चालते त्यांतील पुष्कळशा आपण दृष्टीआड ठेवतो, आणि त्यात गृहस्थाश्रमाचा एक संकोचशील विवेक आहे. मात्र दृष्टीआड झालेली वस्तू मनाआड होण्यास वेळ लागत नाही, आणि आमच्या खानदेशाला त्याची साक्ष दुरून आणावी लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निवर्तले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदांच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले; पण त्या पिढीच्या संशोधकांच्या हाती जे लागले त्याहून किती तरी अधिक कागद जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर कडीकुलुपात वाळवीने फस्त केले असतील. ज्यांनी ती दप्तरे रुमालात बांधून पेटाऱ्यात घातली त्यांचे त्यांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पेटारा पुन्हा उघडण्याची तजवीज मात्र त्यांनी करून ठेवली नव्हती.

आमचे पहिले कपाट नेमके त्याच जातीचे झाले. जाड प्लायवुड, वर सागाचा पापुद्रा, दोन भरीव दारे आणि भिंतीला चिकटलेली पाठ. दिसावयास ते इतके सोज्वळ होते की पाहुण्यांना ते कपड्यांचे वाटे. वैशाख लागला, बाहेर पारा 44-45 अंशांवर गेला, आणि बंद दारांआडून पंख्यांचा आक्रोश सुरू झाला. दार उघडताच भट्टीच्या तोंडाशी यावी तशी झळ अंगावर आली, आणि सर्व्हर स्वतःहून बंद पडलेला आढळला. चूक आमची होती. यंत्र जितकी वीज खाते तितकी बहुतेक सर्व शेवटी उष्णतेच्या रूपाने ओकते, आणि लाकूड उष्णतेला सहसा बाहेर जाऊ देत नाही. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांना सभोवतीची हवा 35 अंशांपर्यंतच मानवते, त्यामुळे खोली थोडीबहुत थंड राखण्यावाचून खानदेशात गत्यंतर नाही. 200 वॉटचा ताप हवा दहाच अंशांनी तापवून बाहेर न्यावयाचा तर ताशी सुमारे 65 घनमीटर हवा कपाटातून वाहावी लागते. एवढी हवा दारांच्या फटींतून जाणार कोठून?

मग धुळ्याहून एक वयस्क मिस्त्री आले. चौकटीसमोर बसून, तळहात मागच्या बाजूस धरून ते एवढेच म्हणाले, “याले बी वारा लागस, आबा.” आणि मला आईच्या स्वयंपाकघरातील जाळीचे कपाट आठवले, ज्यात दुधाला मांजरापासून अभय असे आणि वाऱ्याला मात्र मज्जाव नसे. आठवली ती धाब्याची घरेही, ज्यांच्या मातीच्या छताला उजेडासाठी आणि धुरासाठी साणे ठेवलेले असे. ज्या प्रदेशात सूर्य इतका निष्ठुर आहे तेथील गवंड्यासुतारांना बंदिस्त जागेचा श्वास कळत होता, आणि आम्ही शोभेच्या नादात तो विसरलो होतो.

मिस्त्रींनी टेप लावली तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली, जिचा आनंद मला अजून पुरत नाही. या चौकटीची रुंदी 19 इंच असते, आणि हे प्रमाण संगणकाच्या किती तरी आधीचे, 1922 च्या सुमारास अमेरिकेतील टेलिफोन यंत्रणेने रूढ केलेले. तिच्यातील प्रत्येक यंत्राच्या उंचीचे एकक पावणेदोन इंच, आणि त्यातील तीन भोकांमधली अंतरे अनुक्रमे पाच, पाच आणि चार अष्टमांश इंच. आमचे सुतार इंचाच्या आठव्या हिश्शाला सूत म्हणतात. पाच सूत, पाच सूत, चार सूत, मिळून चौदा सूत! मिस्त्रींना मिलिमीटरचा कागद दाखविण्याची गरजच उरली नाही. परदेशी टेलिफोनचे माप त्यांच्या बोटांवर अगोदरच होते.

नवे कपाट सागाचे आहे, पण भार लोखंडी चौकटच वाहते. लाकूड तिचे केवळ वस्त्र. पुढच्या दारांना खालच्या अर्ध्यात झिलमिल्या, त्यांच्या आत धुऊन लावता येईल अशी बारीक गाळणी, कारण जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत तरंगत घरात येतात. मागे भिंतीपासून वीतभर मोकळी जागा, आणि वरच्या फळीला, साण्याच्या जागी, संथ फिरणारे दोन पंखे. पाठीची फळी खिळ्यांनी ठोकून टाकावी, असे मीच सुचविले होते, कारण ती भिंतीकडे वळलेली, कोणाला दिसणार नाही. मिस्त्रींनी ऐकले नाही. अर्धा दिवस अधिक खर्चून त्यांनी तिला तीन पितळी बिजागऱ्या बसविल्या, कपाटाच्या पायांना चाके लावली, आणि जाताना पुतण्याच्या हाती तेलाची लहानशी कुपी दिली.