उशिराचा हरभरा

परतीचा पाऊस लांबला की रब्बीचं गणित विस्कटतं. सोयाबीन काढणीला अडलेलं, काळ्या रानाला वाफसा येईना. जिरायत हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आणि बागायत हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात पेरा, असं शिफारस सांगते. प्रत्यक्षात रानात तिफण चालते ती कधी कधी नोव्हेंबर सरता सरता. अशा हरभऱ्याला थंडी कमी मिळते आणि घाटे भरायच्या दिवसांत ऊन गाठतं. पारा पस्तिशीपुढे गेला की परागकण दुबळे होतात. फूल दिसतं, पण घाटा धरत नाही.

म्हणून पैदासकार एक उफराटं काम करतो. वेळ टळून गेल्यावर तो मुद्दाम पेरतो. वाण तेच, जमीन तीच, तारखा मात्र वेगवेगळ्या. वेळेवरच्या पेरणीत पहिला आलेला वाण उशिराच्या पेरणीत कधी तळाला जातो. मग सगळ्या तारखांना सारखं उत्पन्न देणारा तो चांगला म्हणावा, तर सगळीकडे सारखाच कमी पिकणाराही त्यात बसतो! एबरहार्ट आणि रसेल या संशोधकांनी १९६६ साली मांडलेली कसोटी म्हणूनच मोलाची. सरासरी चांगली हवी, अनुकूल दिवसांचा लाभ उठवता यायला हवा आणि वागणं भरवशाचं हवं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘विजय’ हरभरा जिरायत, बागायत आणि उशिराच्या पेरणीलाही चालतो. जिरायतीत तो साधारण ८५ ते ९० दिवसांत येतो, बागायतीत १०५ ते ११० दिवस घेतो. ओल सरत आली की आवरतं घेतो, पाणी मिळालं की फुलत राहतो. दिवस कमीजास्त करतो, म्हणून तर त्याचा भरवसा.

आपला नेम मात्र ताठ असतो. पहाटे पाचला फिरायला जायचं ठरवतो. एक दिवस जाग सहाला येते आणि त्या दिवसाचं फिरणंच रद्द होतं. उद्या उशीर झाला, तर निम्मीच चक्कर मारून यावी. घाटे थोडे कमी लागतील, पण पोचट नसतील.