कुत्र्याला कसलं टेन्शन?

घरात एकटं राहिलं की दार खरवडणाऱ्या, फरशीवर लाळेचं थारोळं करणाऱ्या कुत्रीला रोज एक गोळी द्यावी का? वरवर हा प्रश्न पशुवैद्यकाचा. आमच्या घरात तो तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर होता, आणि त्यात औषधाबद्दल आम्ही फार तर दहा मिनिटं बोललो असू.

कुत्री म्हणजे चिंगी. गावठी, हल्ली ज्यांना 'इंडी' म्हणतात तशी. वाकडला आमच्या समोरच्या बांधकामावर वाढलेली. काम संपलं, पत्रे निघाले, मजूर दुसऱ्या साइटवर गेले, ही मागे राहिली. ताईने तिला वर आणलं. वर म्हणजे आठव्या मजल्यावर. दोन वर्षं आम्ही दोघंही घरून काम करत होतो. मग ऑफिसचं आठवड्यातून तीन दिवस बोलावणं आलं आणि घरातल्या कॅमेऱ्यात दिसू लागलं, की आमची लिफ्ट खाली गेल्यापासून चाळीसेक मिनिटं ती दारासमोर फेऱ्या मारते, धापा टाकते, जांभया देते. (कुत्र्याची जांभई झोपेचीच असते असं नाही. जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत बघणं, ही ताणाचीही भाषा आहे.)

साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "कुत्र्याला कसलं टेन्शन?"

मला हा प्रश्न तुच्छतेचा वाटत नाही. आईच्या लहानपणीच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. त्याला कुणी सोडून जात नसे, तोच सगळ्यांना सोडून हिंडायला जायचा आणि भाकरीच्या वेळेला परत यायचा. दार बाहेरून बंद झालंय आणि आत आपण एकटे आहोत, हा अनुभवच त्याच्या आयुष्यात नव्हता. म्हणजे चिंगीचा आजार खरा आहे, पण त्यातला मोठा वाटा दारांचा, लिफ्टचा आणि हजेरीच्या कार्डाचा आहे.

ताईचा गोळीला विरोध होता तो इथेच. "इमारत आपण निवडली, नोकरी आपण निवडली, आणि गोळी तिने खायची?" यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण माझ्याच कामात मी हे रोज बघतो. रात्री तीनला सर्व्हरचा अलर्ट वाजतो. कारण शोधायला दोन दिवस लागणार असतात, म्हणून कुणीतरी अलर्ट म्यूट करतं. सकाळी डॅशबोर्ड हिरवागार. माणसांचंही तेच होतं. आमच्या कंपनीत रात्रपाळीचा ताण वाढला तेव्हा रात्रपाळी तशीच राहिली आणि सगळ्यांना ध्यानधारणेचं अ‍ॅप मिळालं. अ‍ॅप चांगलं होतं, मी अजून वापरतो. तरी ते कुणासाठी होतं, हा प्रश्न उरतोच.

औषधाची बाजूही नीट मांडायला हवी. चिंगीला लिहून दिलेलं फ्लुओक्सेटीन म्हणजे माणसांसाठी अमेरिकेत १९८७ साली प्रोझॅक नावाने मंजूर झालेलं औषध. २००७ मध्ये त्याला तिथेच कुत्र्यांच्या विरहचिंतेसाठी मान्यता मिळाली, तीही वर्तनप्रशिक्षणाच्या जोडीनेच. ते गुंगीचं औषध नाही आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. प्रशिक्षण म्हणजे काय, तर किल्ल्या वाजवायच्या आणि कुठेही जायचं नाही. दाराबाहेर पाच सेकंद थांबून परत यायचं. मग दहा, मग तीस. कुत्री घाबरायच्या आत परत यायचं, ही त्यातली मेख. भीतीने भरलेलं डोकं काही शिकत नाही. गोळी ती पातळी इतकी खाली आणते की शिकवणीला जागा मिळते.

आणि ताईच्या म्हणण्यात मला एक गोष्ट खटकत होती. शहर बदलेपर्यंत, नोकऱ्या बदलेपर्यंत गोळी नाही असं ठरवलं, तर तत्त्व आमचं आणि धाप तिची. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जेरेमी बेंथमने प्राण्यांबद्दल एका तळटीपेत विचारलं होतं, की त्यांना तर्क करता येतो का, बोलता येतं का हे सोडा, त्यांना यातना होतात का ते सांगा. यातना आज होत असेल तर ती कुणामुळे याचा निकाल लागेपर्यंत उपाय थांबवणं मला पटत नाही.

पण मग उपाय लागू पडला हे कशावरून ठरवायचं? कुत्री गप्प झाली यावरून?

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेले प्रयोग वाचले की गप्प कुत्र्याकडे बघायची नजर बदलते. कुत्र्यांना विजेचे धक्के दिले गेले, जे थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. बऱ्याच कुत्र्यांनी उडीच मारली नाही. ती पडून राहिली. दुरून पाहणाऱ्याला ती शहाणी, शांत कुत्री वाटली असती. प्रयोग क्रूर होता आणि तो टाळायला हवा होता, असं माझं मत. पण २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपला निष्कर्ष जवळजवळ उलटा केला, ते महत्त्वाचं आहे. असहायता शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासात मेंदू आपसूक तिकडेच झुकतो, असं त्यांनी लिहिलं. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट : आपल्या करण्याने काहीतरी बदलतं.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या वादात गोळीपेक्षा फिरायला जाणं ही अवघड नैतिक बाब आहे. दिवसाचे तेवीस तास चिंगीच्या हातात काही नसतं. कधी खायचं, कधी मुतायचं, दिवा कधी मालवायचा, सगळं आम्ही ठरवतो. उरलेल्या तासात आपण काय करतो? कानात इअरफोन घालून तिला ओढत आपली पावलं मोजतो. शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१९ च्या अभ्यासात काही कुत्र्यांना दोन आठवडे हुंगून शोधण्याचे खेळ दिले, काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव. नंतर एक भांडं संदिग्ध जागी ठेवलं, खाऊ असेलही, नसेलही. हुंगणारी कुत्री त्या भांड्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. त्यांची आशा वाढली होती, असं म्हणायला हरकत नाही.

आता सकाळी वाट चिंगी ठरवते. चाळीस मिनिटांत आम्ही कधी कधी दोनशे मीटरही जात नाही. एका विजेच्या खांबाला सात मिनिटं. सोसायटीतल्या काकांना हे वेळेचं नुकसान वाटतं आणि तसं ते म्हणतातही. गेटबाहेर जुन्या साइटची दोन कुत्री भेटतात. ती मोकळी आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाचा पाय गाडीखाली आल्यापासून वाकडा आहे. मोकळेपणाची बाजू घेताना तो पाय विसरता येत नाही, आणि आठव्या मजल्याची बाजू घेताना ती शेपटी.

महाभारताच्या शेवटाकडे युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सगळ्यांना आठवतो. पण आदिपर्वाच्या सुरुवातीलाही एक कुत्रा आहे. जनमेजयाच्या सत्रात शिरलेल्या सरमेच्या पिल्लाला त्याचे भाऊ मारतात. पिल्लाने हविर्द्रव्य चाटलेलं नाही, त्याकडे पाहिलेलंही नाही. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाला का मारलंत? कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. कारण दिसत नाही पण छाती धडधडते, असं भय. शापांच्या गर्दीत हा मला सगळ्यात नेमका वाटतो, कारण आपण प्राण्याला जे देतो तेच ती परत करते. आणि त्याआधी ती फक्त एक प्रश्न विचारते, ज्याचं उत्तर देणं कुणालाही जमलं असतं.

चिंगीची गोळी सुरू आहे. सहा महिन्यांनी डोस कमी करून पाहू, असं डॉक्टर म्हणालेत. तोवर आम्ही दोघांनी ऑफिसचे दिवस वेगवेगळे करून घ्यायचे, ही ताईची अट आहे. तिने तिचे बदलून घेतले. माझ्या मॅनेजरशी सोमवारी बोलायचंय.