यमदीप

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा दिवा करतात आणि त्याची वात दक्षिणेकडे वळवून तो दाराबाहेर ठेवतात. घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये, एवढेच त्या दिव्याचे मागणे असते. लहानपणी मी आईला विचारले होते, "आणि ज्यांना तो येऊन गेला, त्यांचा दिवा कोण लावतं?" आई म्हणाली, "ज्याचं माणूस गेलं, त्याच्या घरी लागतो बाबा." ते उत्तर मला पुष्कळ वर्षे पुरले. गेल्या डिसेंबरात मात्र वर्गातल्या एका मुलाने ते अपुरे करून टाकले.

मी बारामतीत राहतो आणि शाळेसाठी रोज इंदापूर तालुक्यात जातो. आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना ठाऊक असलेले मोठे पाणी म्हणजे उजनीचे. धरण झाले तेव्हा पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ त्या पाण्याखाली गेले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते पुन्हा दिसू लागते आणि माणसे पाहायला लोटतात. पाणी घेतलेले कधी तरी परत देते, अशी त्यामुळे आमच्याकडच्या मुलांची समजूत झाली असली, तर त्यात त्यांचा दोष नाही.

4 डिसेंबर हा नौदल दिन. 1971 साली त्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर क्षेपणास्त्रांचा मारा केला, त्या विजयाचा हा दिवस. ती हकिकत मी वर्गात सांगितली आणि ओघाने पाच दिवसांनंतरचीही सांगितली. पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात निघालेल्या 'खुकरी' या आपल्या युद्धनौकेला 9 डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, 'हंगोर' या पाणबुडीनेच आधी गाठले. पाणतीर लागला आणि काही मिनिटांत नौका तळाला गेली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. 67 जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला, स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले आणि आपण नौकेबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

वर्ग शांत झाला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला आहेत.

"गुरुजी, त्या जहाजालाबी बॉयलर असंल की?"

"होता. वाफेवरच चालायची ती नौका."

"मग बॉयलरवरची माणसं पार खाली असतील. कॅप्टनसायबांनी आपला जीव दिला. खालच्यांना कुणी इचारलंबी नसंल. त्यांचा नुसता गेला. दोन्हीला बलिदानच म्हणायचं का?"

तेवढ्यात घंटा झाली. "हो, दोन्हीला," असे म्हणून मी हजेरीपट उचलला. पण एसटीत बसल्यावर कळून चुकले, की मी उत्तर दिले नव्हते, घंटेचा आधार घेतला होता.

प्रश्न साधा नाही. बलिदान म्हणजे जाणून उमजून केलेले दान, असे मानले, तर त्या क्षणी काही निवडण्याची संधी ज्यांना मिळालीच नाही अशी किती तरी माणसे 194 जणांतून गळतात. उलट, मरण आले एवढेच पुरेसे मानले, तर घाटात एसटी कोसळून गेलेल्या उतारूंत आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला?

कोणी म्हणेल, त्यांची निवड आधीच झाली होती. समुद्रात शत्रूची पाणबुडी आहे हे ठाऊक असताना आपली पाळी आली की शिडी उतरून खाली जायचे, ती संपली की वर यायचे आणि पुन्हा पाळी आली की पुन्हा उतरायचे. कॅप्टनचा तो एक क्षण जेवढा थोर, तेवढेच हे रोजचे उतरणेही थोर. हे मला पटते. पण पुरते पटत नाही. कारण कोरडवाहू रानात भागत नाही म्हणून भरती झालेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या निवडीत देशप्रेम किती आणि घरची ओढाताण किती, याचा हिशेब त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. त्या हिशेबावर त्यांचा मान ठरवणारे आपण कोण?

विचार करता करता ध्यानात आले, की आपल्या जुन्या रीतींनी हा हिशेब मांडलेलाच नाही. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षात चतुर्दशी वेगळी ठेवली आहे. तर्पणात ज्यांचे कोणीच नाही अशांनाही पाणी दिले जाते. ज्याचा देह हाती लागला नाही, त्याची पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधीही आहे. गेलेला किती थोर होता, असा प्रश्न या रीती विचारीत नाहीत. मागे उरलेल्यांचे कर्तव्य काय, एवढेच त्या सांगतात.

मला वाटते, त्या मुलाचे उत्तर इथे आहे. 'त्याने प्राण दिले' असे म्हणताना आपण वाक्याचा कर्ता बदलतो. दिले असतील किंवा नसतील. पण आपण ते घेतले, हे निश्चित. त्याला समुद्रावर पाठवणारे सरकार आपले, युद्ध आपले, त्या रात्री दारे बंद करून निजलेली गावेही आपलीच. उतारूला कोणी मरणाच्या वाटेवर धाडलेले नसते. सैनिकाला आपण धाडतो. म्हणून ऋण त्याच्या मरणाच्या थोरवीतून उपजत नाही, आपल्या धाडण्यातून उपजते. त्याच डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली आणि तिच्यातील नव्वदाहून अधिक माणसांपैकी कोणीही वाचले नाही. त्यांनाही कोणी तरी धाडलेच होते. ते ऋण त्या देशाच्या माथ्यावर आहे.

ऋण मानले, की पहिली गोष्ट अशी, की ज्याचे देणे लागतो त्याचे नाव तरी ठाऊक हवे. 194 जणांपैकी मला एकच नाव येत होते. दीवच्या किनाऱ्यावर 'खुकरी'चे स्मारक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, 2019 पासून, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावे दगडात कोरलेली आहेत. नावे हरवलेली नाहीत. ती वाचण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

आता ते घेतले आहेत. येत्या 9 डिसेंबरला प्रार्थनेनंतर आम्ही ती सगळी नावे वाचणार आहोत, हुद्दा न सांगता, एकामागून एक. घड्याळ लावून पाहिले. अर्धी तासिकासुद्धा लागत नाही. वाचणार तो बॉयलरवाल्याचा मुलगा. "सगळी वाचायची का?" त्याने विचारले. "सगळी," मी म्हणालो.

आईचे उत्तर खोटे नव्हते. ज्याचे माणूस गेले, त्याच्याच घरी तो दिवा लागायचा. फक्त त्या घरांत आपलेही घर येते, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. यंदा धनत्रयोदशीला कणीक थोडी जास्त मळायला सांगितली आहे.