शिडी आणि किल्ली

वसईच्या एखाद्या चर्चमधून पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेली मंडळी जेरुसलेममध्ये एका पहाटे अंधारातच उठतात. दिवसभर गजबजणाऱ्या जुन्या शहराच्या गल्ल्या तेव्हा रिकाम्या असतात. परंपरेने जिथे प्रभू येशूची कबर मानली जाते, त्या चर्चच्या दारापाशी ती थांबतात.

दार उघडतं कोण? किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लीम घराण्याकडे असते आणि कुलूप उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लीम घराण्याचा! आत सहा ख्रिस्ती पंथ नांदतात. कुठला खांब कुणाचा, कुठली पायरी कुणी झाडायची, सगळं वाटून घेतलेलं. चाळीतल्या सामायिक गॅलरीसारखंच म्हणा ना! दारावरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी टेकवलेली आहे. १७२८ च्या एका चित्रातही ती दिसते. हलवायची तर सगळ्यांची संमती हवी, म्हणून ती आहे तिथेच आहे.

आपल्या मंडळींना हे कळतं तेव्हा थोडं हसू येतं, थोडं वाईटही वाटतं. मग दार उघडतं. आत शिरताच समोर गुलाबीसर दगडाची शिळा. क्रुसावरून उतरवलेला येशूचा देह जिथे ठेवला, ती ही जागा, अशी श्रद्धा. शिळा तशी अलीकडची, १८१० च्या सुमाराची. वसईची एक आजी मात्र गुडघे टेकते, पिशवीतून घरच्या सगळ्यांचे रुमाल काढते आणि एकेक करून त्या दगडावर सावकाश फिरवत राहते.