कधीतरीची बिडी



आज आम्ही निरूपणास घेतलेला विषय पाहून काहींना वाटेल, बुवांना आज अभंग सापडला नाही की काय, म्हणून बिडीवर बोलू लागले! विषय हलका दिसतो खरा. पण पायात रुतणारा काटाही लहानच असतो, आणि चालत्या माणसाला तोच खाली बसवतो. म्हणून थोडे सावकाशीने ऐकावे, ही विनंती.

जे रोज बंडलावर बंडल ओढतात, त्यांच्यासाठी आजचे बोलणे मुख्यतः नाही. आपण व्यसनी आहो हे त्यांना ठाऊक असते. निदान त्यांच्या घरच्यांना तरी असते. आमचे बोलणे आहे ते 'कधीतरी' ओढणारांशी. एकादशीच्या जागराला एखादी, वारीच्या मुक्कामी तंबूबाहेर एखादी, लग्नकार्यात चार जण जमले म्हणजे एखादी सिगारेट. अशा माणसाला विचारावे, 'काय हो, बिडी ओढता?' तर तो म्हणतो, 'छे छे, व्यसन नाही हो आपल्याला. कधीतरी!' हा 'कधीतरी' शब्द मोठा लबाड आहे. आमची त्याची चांगली ओळख आहे, कारण पुष्कळ वर्षे तो आमच्याच तोंडी होता.

हो, संतांच्या दारात लपवून काय करायचे? गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन, आणि कीर्तन आटोपल्यावर मंडपामागे मृदंगवाल्या अण्णांबरोबर एक बिडी. माळ घातली तेव्हा मद्य-मांस सुटले. बिडीचे नाव कोणी घेतले नाही, आम्हीही काढले नाही. पुढच्या दाराला कुलूप लावले आणि परसदार उघडे ठेवले, असे झाले.

पाठशाळेत तर्कशास्त्राचा आरंभ झाला तेव्हा गुरुजींनी पहिला दृष्टांत दिला तो धुराचा. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, कारण अग्नीवाचून धूर नाही. तो पाठ आम्ही घडाघडा म्हणून दाखवला आणि शाबासकी मिळवली. परंतु स्वतःच्या तोंडातून निघणाऱ्या धुरावरून आत काय पेटले आहे, याचे अनुमान करायला आम्हांस साठ वर्षे लागली. असे आमचे पांडित्य!

२०१९ च्या आषाढी वारीत दिवे घाट चढताना प्रथमच असे झाले की, अभंगाचा पहिला चरण म्हटला आणि दुसऱ्याला श्वासच पुरेना. टाळ हातात, पण तोंड मिटलेले. सासवडच्या मुक्कामी वारकऱ्यांसाठी चालवलेल्या दवाखान्यात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "महाराज, बिडी-तंबाखू काही?"

"बिडी आहे. पण कधीतरी."

"कधीतरी म्हणजे महिन्यातून किती?"

आता काय सांगावे? ब्रह्मसूत्रे किती, असे झोपेतून उठवून विचारले तरी आम्ही ५५५ म्हणून सांगू. पण आपल्या बिड्यांची संख्या काही सांगता येईना. डॉक्टर हसून म्हणाले, "मोजता येत नाहीत ना महाराज, म्हणजे थोड्या नाहीत." आम्हांस थोडा रागच आला. औषध घेतले, उपदेश तेथेच ठेवून आलो.

पुढे २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. कीर्तने बंद, जागर बंद, अण्णांची भेट बंद. आमचा समज असा की, आमची बिडी वारीमुळे आहे, जागरामुळे आहे, संगतीमुळे आहे. मग वारी नाही, जागर नाही, संगत नाही, तर बिडीही नको होती. पण गोठ्यामागे उभे राहून आम्ही एकटेच ओढत होतो! न्यायाच्या भाषेत बोलायचे तर, ज्याला आम्ही कारण समजत होतो ते कारण नव्हतेच. नुसते निमित्त होते. खरा अग्नी आत होता.

तरीही सोडली नाही. सुटली ती अशी. त्याच वर्षी कार्तिकात गावातील एक माउली घरी आली. तिचा सतरा वर्षांचा मुलगा आमच्या भजनात टाळ वाजवतो. ती म्हणाली, "बुवा, पोराच्या खिशात बंडल सापडलं. इचारलं तर म्हनतो, बुवाबी वढत्यात, त्यास्नी काय झालं? आन मी तर कधीतरीच वढतो." एवढे बोलून तिने आमच्या पायांवर डोके ठेवले आणि ती निघून गेली. दोष दिला नाही, एक शब्द जास्त बोलली नाही. पण तिचे डोके पायांवर टेकले तेव्हा आमचे पाय मागे घ्यावेसे वाटले. चाळीस वर्षांच्या कीर्तनातून त्या पोराने काय घेतले, देव जाणे. आमचा 'कधीतरी' मात्र त्याने जसाच्या तसा उचलला होता.

आता काही शंका आहेत, त्यांचा विचार करू.

पहिली शंका : 'एखाद-दुसरीने काय होते?' आम्हीही हेच म्हणत होतो. हिशेब असा की, वीस ओढणाऱ्याला जो धोका, त्याचा विसावा हिस्सा एक ओढणाऱ्याला. पण शरीराचे गणित तसे नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या सुमारे निम्मा भरतो. विसावा नव्हे, निम्मा! कारण असे की, थोड्याशा धुरानेही रक्तातील गुठळी करणारे कण चिकट होतात आणि रक्तवाहिन्या आखडतात. त्यासाठी फार धूर लागत नाही. आणि कर्करोगाच्या बाबतीतही अमुक इतका धूर निर्धोक, अशी रेघ कोणाला मारता आलेली नाही.

दुसरी शंका : 'बिडी पानाची, साधी; सिगारेट वाईट.' बिडीत तंबाखू सिगारेटीपेक्षा कमी असते हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज जात नाही आणि बिडी विझू पाहते. म्हणून ती जोराने व पुनःपुन्हा ओढावी लागते. परिणामी निकोटीन, डांबरासारखा चिकटा आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, हे सर्व सिगारेटीइतके किंवा त्याहून अधिक आत जाते. गरिबाची म्हणून ती गरीब नव्हे.

तिसरी शंका फार गोड आहे : 'साधूंची चिलीम तर जुनी परंपरा!' अहो, तंबाखू ही मूळची अमेरिकेतील वनस्पती. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, त्यानंतर युरोपास तिची ओळख झाली, आणि पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. अकबराचा सरदार असदबेग १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून ती नवलाची वस्तू म्हणून बादशहाकडे घेऊन गेला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदीही घातली. आता पाहा, ज्ञानोबारायांची ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे माउलींच्या काळी या भूमीत तंबाखूचे पानही नव्हते. मग परंपरा कोणाची म्हणायची?

चौथी शंका म्हाताऱ्यांची, म्हणजे आमचीच : 'आता या वयात सोडून काय मिळणार?' याचे उत्तर इंग्लंडातील डॉक्टरांनी स्वतःच्या आयुष्यातून दिले आहे. १९५१ पासून २००१ पर्यंत, पन्नास वर्षे, ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयींचा व आयुष्याचा हिशेब ठेवला गेला. नियमित सिगारेट ओढणारे न ओढणारांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. पण ज्यांनी तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडली, त्यांची जवळजवळ ती सर्व दहा वर्षे परत मिळाली; चाळिशीत सोडणारांची नऊ, पन्नाशीत सोडणारांची सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणारांचीही तीन. तीन वर्षे म्हणजे तीन आषाढ्या आणि तीन कार्तिक्या. पंढरीच्या वाटेवर ही काय थोडी कमाई झाली?

आणि शरीर किती क्षमाशील आहे पाहा. शेवटची बिडी विझल्यावर वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात. एका दिवसाच्या आतबाहेर रक्तातील तो विषारी वायू निघून जातो. दोन आठवडे ते तीन महिन्यांत रक्ताभिसरण सुधारते. पुढच्या काही महिन्यांत खोकला व दम कमी होतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या मानाने, सुमारे निम्मा होतो. आपण वर्षानुवर्षे अपराध करतो आणि शरीर वीस मिनिटांत समेटाला उभे राहते. ही भगवंताची दयाच म्हणावी.

पण सोडताना सुख वाटत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे प्रकार सांगितले आहेत. एक सुख आधी अमृतासारखे लागते आणि शेवटी विष होते, ते राजस. दुसरे आधी विषासारखे लागते आणि शेवटी अमृत होते, ते सात्त्विक. बिडी ओढणे पहिल्यातले, बिडी सोडणे दुसऱ्यातले. रोज ओढणाराला पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड, वखवख हे सर्व होते. तीन-चार आठवड्यांत बहुतेक निवळते. खोकला तर मध्यंतरी थोडा वाढतोही, कारण छाती स्वतःला झाडून काढत असते. भिऊ नये. मात्र छातीत दुखणे, चालताना फार धाप लागणे, थुंकीत रक्त दिसणे, असे काही असेल तर घरगुती उपायांवर न विसंबता डॉक्टरांना दाखवावे.

कधीतरी ओढणाराची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या शरीराला हुडहुड फार होत नाही. त्याला ठिकाण गाठते. कीर्तन संपले, चहा झाला, अण्णा उठले की हात आपोआप खिशाकडे. म्हणून आम्ही तेथेच पाळत बसवली. कीर्तन संपले की मंडपामागे जायचे नाही. तांब्याभर पाणी प्यायचे आणि दहा मिनिटे जागेवर बसून नाम घ्यायचे. ओढण्याची तलफ काही मिनिटांतच ओसरते, हा डॉक्टरांचाही सिद्धांत आणि आमचाही अनुभव. तेवढी मिनिटे विठ्ठलाला दिली की काम झाले. एकदा, माघात, आम्ही घसरलो. पण 'आता मोडलाच नेम' असे न म्हणता दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धरला. एकादशी एकदा चुकली म्हणून कोणी वारकरीपण सोडतो काय?

आणखी एक सांगणे. बिडी सोडून तोंडात तंबाखू धरणे, किंवा मायभगिनींनी मिश्री लावणे, ही सुटका नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. त्यांत ओढणारे थोडे आणि खाणारे-लावणारेच फार. विस्तव बदलला तरी भाजणे तेच. ज्याला एकट्याने जमत नाही त्याने लाजू नये. सरकारने १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी याचसाठी ठेवला आहे. डॉक्टरांकडे औषधोपचारही आहेत. दिंडीचालकांनी आपल्या तंबूत बिडी पेटू देऊ नये. शेजारी झोपलेले मूल न ओढताही तोच धूर पीत असते.

त्या मुलाचे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही त्याला उपदेश केला नाही, तोंड नव्हते. नुसती सोडली. दोन-तीन महिन्यांनी तो आपणहून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बुवा, खरंच सोडली?" आम्ही म्हणालो, "सोडली बाळा. तुझ्या आईने सोडवली." तो काही बोलला नाही. २०२२ साली पुन्हा पायी वारी निघाली, तेव्हा दिवे घाटात तो आमच्या पुढे टाळ वाजवीत होता. आम्हांस दम लागलाच; साठी उलटलेली, घाट तो घाटच. पण अभंगाचा दुसरा चरण या वेळी आला. आणि त्याची आई सांगते की, आता ती त्याचा खिसा तपासत नाही.

तेव्हा सज्जनहो, तुमच्या 'कधीतरी'ला आज एवढेच विचारा : महिन्यातून किती? आकडा सांगता आला तर तो शून्यावर आणा. सांगता आला नाही, तर आजच सोडा. कोणी आपल्याकडे पाहत नाही असे समजू नका. मागे कोणाचे तरी पोर चालत असतेच.

राम कृष्ण हरि.